घरचा काळा रवा

साल दोन हजार तीन. माझं वय तेव्हा आईच्या हिशेबानं अठ्ठावन्न आणि रेशनकार्डाच्या हिशेबानं चौसष्ट. आई म्हणायची, तू झालास तेव्हा पंचगंगेचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं होतं. कार्ड करणारा कारकून म्हणाला, पाणी दरवर्षी लागतं, आकडा सांगा. मी भांडलो. तरी चौसष्टच राहिलं.

मी गुळव्या. येसबा गुळव्या म्हटलं की करवीर तालुक्यात कुणीही घर दाखवील. चौथीतून शाळा सुटली, पण हे मी माझ्या हातानं लिहिलंय. ऱ्हस्व-दीर्घ सुजातानं नीट केलं. सुजाता कोण ते पुढं येईलच, कारण ही गोष्ट तिच्या नोकरीची आहे. मी मध्ये नाक खुपसलं म्हणून ती माझी पण झाली.

शहरातल्या लोकांना गूळ माहीत असतो, गुळव्या माहीत नसतो. म्हणून आधी सांगतो. ऊस चरकातून पिळतात, रस काईलीत येतो. काईल म्हणजे आठ माणसं आत मांडी घालून जेवतील एवढी पसरट कढई. तिच्याखाली चुलाण, आणि चुलाणाच्या तोंडाशी खड्ड्यात बसलेला चुलव्या. तो उसाची वाळलेली चिपाडं आत सारतो. वर मी. रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालायचं, म्हणजे मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. असं दोन-अडीच तास. शेवटी पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी करायची आणि काईलीच्या कडेवर मारायची. टण्ण वाजली की उतरा. मिनिटभर आधी उतरलं तर गूळ चिकट, मिनिटभर उशीर झाला तर करपट. ते मिनिट कुठल्या घड्याळात नसतं, गुळव्याच्या बोटात असतं. मग पाक वाफ्यात, म्हणजे पसरट उथळ हौदात ओतायचा, निवला की फडकं घातलेल्या बादल्यांत भरायचा. थिजून निघतो तो रवा. एका काईलीच्या घाण्याला आम्ही आदण म्हणतो. दिवसाला चार आदणं.

गुळव्याचं नाव रव्याच्या रंगावर. मार्केट यार्डात सौद्याला माझा रवा फोडला की अडत्या दोन पावलं मागं सरकायचा, सगळ्यांना दिसावा म्हणून. हळदीच्या अंगाचा पिवळा. नव्वदनंतर तर व्यापाऱ्यांना रंगाचं वेडच लागलं. एक गुजराती शेठ बायकोच्या पातळाचा तुकडा घेऊन आला होता. म्हणाला, हा कलर मंगता. मी म्हटलं, शेठ, पातळ उकळू का? एक कोकणी पावणा दुबईहून आला, त्याला साखरेसारखे चौकोनी तुकडे पाहिजे होते. मी म्हटलं, मग साखरच खावा की. बापू, म्हणजे आमचे गुऱ्हाळाचे मालक, मला मागं ओढत म्हणाले, "आण्णा, तुमी गिऱ्हाइकाशी बोलत जाऊ नका. गिऱ्हाइकाचं माझ्याकडं, काईलीचं तुमच्याकडं."

आता एक गोष्ट सांगतो, ती लिहायला हात जड होतो. तो पिवळा रंग माझ्या एकट्या हाताचा नव्हता. एक पांढरी पावडर असते. चिमूटभर टाकली की रस असा उजळतो की काईलीत कुणी दिवा लावलाय असं वाटावं. माझ्या बापाच्या वेळी नव्हती. पहिल्यांदा आली तेव्हा डब्यावर परदेशी अक्षरं होती आणि आम्ही ती देवाच्या अंगाऱ्यासारखी जपून वापरली. मग सगळेच वापरायला लागले. पिवळ्याला गिऱ्हाईक धावतं आणि काळ्याकडं ढुंकून बघत नाही. काळा गूळ जनावराला नाहीतर दारूच्या भट्टीला.

पण प्रत्येक गुऱ्हाळात एक रीत होती. संक्रांतीच्या आधी एक आदण घरचं निघायचं. त्यात पावडर नाही. रंग काळपट तांबडा, दिसायला अगदी वाईट. त्याचे वाटे मालकाला आणि गुळव्याला. बाकीच्या गड्यांना हंगामाच्या शेवटी पिवळा रवा मिळायचा, चांगल्यातला. घरचा रवा डब्यात झाकून ठेवायचा. पावणा आला तर त्याच्यापुढं पिवळाच. काळा गूळ पावण्याला दिला तर बायका वर्षभर बोलतात.

माझा चुलव्या नामदेव कांबळे. तीस हंगाम आम्ही एका काईलीवर काढले, तो खाली, मी वर. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण तो मला आण्णा म्हणायचा आणि मी त्याला नामू. तो बौद्ध, सातवी पास, आणि पेपर वाचल्याशिवाय चिपाडाला हात लावत नसे. एक्क्याण्णव-ब्याण्णव साली कधीतरी खड्ड्यातून त्याचा आवाज आला.

"आण्णा, जागतिकीकरण आलंय."

"कुठवर आलंय?"

"दिल्लीपतोर."

"मग हितं यायला येळ हाय. जाळ वाढीव."

मी नंतर विचारलं त्याला, म्हणजे असतंय काय ते? तो म्हणाला, जगातला सगळा बाजार एक होणार. आपला माल तिकडं, तिकडचा माल इकडं, आणि मालाबरोबर माणसं. मी म्हटलं, येऊ देत की. गुऱ्हाळावर आलेलं माणूस आपण कधी रस पाजल्याबिगर लावून दिलंय?

ते आलं, दहा-बारा वर्षांनी, पांढऱ्या जीपमधून. आणि त्याला घेऊन आली नामदेवाची सुजाता.

सुजातानं अभ्यास केला तो चुलाणाच्या उजेडात. आम्ही तिला काकवी पाजून मोठी केली. पुढं ती रसायन घेऊन एम. एस्सी. झाली आणि कोल्हापुरात परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत लागली. पहिली नोकरी, सहा महिन्यांची कच्ची नेमणूक. काम असं की मालात काही भेसळ नाही हे बघायचं आणि कागदावर सही करायची. तिच्या सहीशिवाय एक खडा बाहेर जायचा नाही. नामदेव हे सगळ्यांना सांगायचा. सांगून झालं की परत सांगायचा.

हॉलंड देशातून गुळाला मागणी आली आणि सुजातानं आमचं गुऱ्हाळ सुचवलं. मालाच्या आधी नियम आले. एक, पावडर बंद. दोन, काईलीजवळ येणाऱ्यानं डोक्याला जाळी घालायची. मी म्हटलं, मी पटका बांधतो, पटका काढणार नाही. सुजाता म्हणाली, "आण्णा, काढू नका, वरनं घाला." लग्नात बुंदीच्या पाटीवर फडकं बांधतात तसा मी दिसायला लागलो. माझी बायको डबा घेऊन आली, तिनं बघितलं, आणि डबा खाली ठेवून परत गेली. लांबपर्यंत तिचे खांदे हलताना दिसत होते.

नियम तीन, बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची रजिस्टरात नोंद. नाव, कुठून, कारण, वेळ, सही. हे काम नामदेवाकडं. आमच्या गुऱ्हाळावर दिवसाला निम्मं गाव येतं. कुणी रस प्यायला, कुणी काकवी मागायला, कुणी नुसतं उबेला बसायला. नामदेव एकालाही सोडायचा नाही. पहिल्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे: "शेळी, एक. कुठून: पाटलाच्या परड्यातून. कारण: चिपाड. वेळ: नऊ ते सव्वानऊ. सही: नाकारली." रोज संध्याकाळी तो रजिस्टर काखेत मारून घरी न्यायचा, उंदरानं खाऊ नये म्हणून.

मग बाई येणार असं कळलं. हॉलंडची व्यापारीण. गावानं मडम कधी जवळून बघितली नव्हती. मास्तरांनी पोरं रांगेत उभी केली. बापूंच्या मंडळींनी, त्यांना आम्ही वैनी म्हणतो, आरती आणि ओटीचं ताट तयार ठेवलं. सरपंचांनी नवीन टोपी घातली. जीप थांबली, दार उघडलं आणि एक बाई उतरली. पन्नाशीची, आपल्याच रंगाची, केस बारीक कापलेले, अंगात शर्ट-पँट. सरपंच हार घेऊन तिच्या मागं जीपमध्ये वाकून बघायला लागले, मडम अजून आत आहे म्हणून.

"सरपंच, ह्याच त्या," सुजाता म्हणाली.

"ह्या? ह्या तर हातकणंगल्याच्या वाटत्यात की."

पोरांच्या रांगेतून एक लांब सुस्कारा आला. बाईला तो कळला असावा, कारण ती हसली.

तिचं नाव बिदवंती. गावानं संध्याकाळपर्यंत तिची बिंदाक्का केली. सुजातानं सगळ्यांना समजावून सांगितलं. बाईचा पणजा उत्तरेतल्या कुठल्या तरी खेड्यातला. इंग्रजांच्या काळात बोटीत बसून समुद्रापलीकडं सुरीनाम नावाच्या मुलखात गेला, उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून. तिथंच पिढ्या गेल्या. मग तिचे आईबाप तिथून हॉलंडला गेले. तिथं तिचं दुकान आहे. घरात ती एक हिंदी बोलते, पणज्यानं बोटीतून नेलेली, इकडच्या हिंदीशी तिचा फारसा संबंध नाही. मला ती ऐकून फार बरं वाटलं. माझ्यापेक्षा वाईट हिंदी बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

तिच्या गल्लीत एक तुर्की न्हावी, एक चिनी खानावळ, एक मोरोक्कोचा खाटीक आणि ही. सगळे एकमेकांच्या सणाला एकमेकांकडं जेवतात आणि गाडी कुठं लावायची यावरून भांडतात. नामदेव म्हणाला, "म्हंजे आपली कोल्हापूरची मंगळवार पेठच की." मी म्हटलं, मग एवढ्या लांब कशाला जायाचं.

मी माझा उत्तम रवा तिच्यापुढं फोडला. सोन्यासारखा. तिनं खडा जिभेवर ठेवला, मान हलवली आणि म्हणाली, "सुंदर है. बाकी ई ना चाही."

पस्तीस वर्षांत माझ्या गुळाला कुणी नको म्हटलं नव्हतं. माझे कान तापले. बापूंनी घाईनं तिला चहाला घरात नेलं. पाठोपाठ मीही गेलो, काय बोलते ते ऐकायला. वैनी चहा टाकत होत्या. घरच्या चहाचा काळा रवा चुलीशेजारी उघडा होता. पावणी आत आलेली बघून त्यांनी पटकन त्याच्यावर ताटली पालथी घातली. ही बाई सरळ गेली, ताटली उचलली, नखानं टवका काढला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"ई," ती म्हणाली. "ई करिया गुड़. आजी के गुड़."

वैनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अवो, ते घरचं हाय. पावण्यांनी खायाचं न्हवं ते."

तिच्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांना असा गूळ पाहिजे होता. चार समुद्र हिंडून त्यांच्या जिभेवर तोच राहिला होता. सुजातानं हे दोन वेळा सांगितलं. मला एकदाही पटलं नाही. मी बापूंना बाजूला घेऊन म्हणालो, "मी काळा रवा बाहीर काढणार न्हाई. माझं नाव जाईल."

"आण्णा, हॉलंडमध्ये तुमचं नाव कोण इचारतंय?"

"म्हणूनच. आजवर कुणी इचारलं न्हाई, आणि पहिल्यांदा कळंल ते काळं?"

बापूंनी ऐकलं नाही. वानगीचं एक आदण काढायचं ठरलं. ते पुण्याला तपासणीला जाणार, पास झालं की पुढचा सगळा माल आमच्याकडून. त्या रात्री मी विचार केला. मला ती बाई आवडली होती. तिच्या पणज्यानं परमुलखात ऊस तोडला. गरिबानं काळा गूळ खाल्ला, कारण पिवळा मिळाला नसणार. आता पणतीचं बरं झालंय, तर तिला आपण काळाच द्यायचा? ही पावणी आहे, आपल्या दारात आली आहे. तिला कळत नसलं तरी आपल्याला कळतंय. मी तिचं भलं करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुजाता वही घेऊन काईलीशेजारी उभी राहिली. पावडरीचा डबा तिनं आधीच कुलपात घातला होता. माझे खिसे तिनं तपासले नाहीत. तपासले असते तरी काही मिळालं नसतं. पावडरीची पुडी माझ्या पटक्यात होती, आणि पटक्यावर जाळी. जाळी आहे का नाही हे सगळे बघतात, जाळीखाली काय आहे ते कुणी बघत नाही. रस उकळायला लागला, वाफ दाटली. मी जाळीत बोट घालून डोकं खाजवलं. दोन वेळा. पावणीसाठी म्हणून नेहमीपेक्षा एक चिमूट जास्तच. नामदेव खाली खड्ड्यात होता, त्याचं तोंड आगीकडं.

रवा पिवळाधमक निघाला. बिंदाक्कानं तो उलटापालटा केला. "भैया, ई पीयर कैसे?"

"मिट्टी का रंग," मी म्हणालो. हिंदी येत नसली की खोटं आखूड होतं, हा एक फायदा.

सुजाता मला बाजूला घेऊन म्हणाली, "आण्णा, रंग लई उजळलाय. काय घातलं न्हाई न्हवं?"

"तुला ल्हानपणी काकवी कुणी पाजली?"

"तुमी."

"मग?"

तिनं सही केली. मी तिच्या प्रश्नाला हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही, असं मी त्या दिवशी मनाला सांगत होतो. मन ऐकून घेत होतं.

तपासणीला आठवडा लागणार होता. तोवर बिंदाक्का कोल्हापुरातच राहिली. वैनी तिला नृसिंहवाडीला घेऊन गेल्या. तिथं तिनं दत्तापुढं तिच्या आजीची कसलीशी आरती म्हटली, ती कुणालाच कळली नाही आणि सगळ्या बायका रडल्या. रोज दुपारी ती गुऱ्हाळावर यायची, नामदेव तिची नोंद करायचा: "कुठून: हॉलंड. कारण: बसायला." मी तिला रोज रस पाजत होतो आणि तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हतो.

आठव्या दिवशी सकाळी जीप आली, पण दार जोरात आपटलं. कंपनीचे साहेब कागद हलवत उतरले. मागं सुजाता, मागं बिंदाक्का. काईल आगीवर होती, मी झारा धरून उभा.

"गंधक सापडलंय," साहेब म्हणाले. "पावडर घातलेली आहे. सही कुणाची आहे ह्याच्यावर?"

"माझी," सुजाता म्हणाली.

"मग उद्यापासून यायचं कारण नाही. परदेशी गिऱ्हाइकासमोर कंपनीचं तोंड काळं केलंत."

बापू म्हणाले, रसात घालतो तो चुना खराब आला असेल. सरपंच तिथंच रस पीत होते, ते म्हणाले, पुण्याची तपासणी आहे, पुण्याला आपलं काही पास होतच नाही. खड्ड्यातून नामदेव वर आला. तोंडाला राख, हातात चिपाडाची पेंढी. साहेबाकडं त्यानं बघितलं नाही. पोरीला एवढंच विचारलं, "बघून केलीस न्हवं सही?"

"आण्णांना इचारून केली."

"मग बरोबर केलीस," तो म्हणाला, आणि परत खड्ड्यात उतरला. काईल चढली होती, जाळ कमी होऊन चालत नाही.

त्यानं मला शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी कुणाला हरत नाही. त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं असतं तरी मी काहीतरी बोललो असतो. त्यानं तेही केलं नाही.

मी आयुष्यात एकदाच माफी मागितली होती, बायकोची, आणि तेव्हा मला एकशेतीन ताप होता. आता ताप नव्हता. मी झारा खाली ठेवला. डोक्यावरची जाळी काढली. मग पटका सोडायला लागलो. रस न्यायला आलेल्या वैनींनी तोंड फिरवलं, कारण माझं उघडं डोकं गावानं कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या वेढ्यातून पुडी खाली पडली, उरलेली पावडर चटईवर सांडली.  सरपंच हळूच म्हणाले, "टक्कल हाय व्हय येसबाला."

"पोरीची चूक न्हाई," मी म्हणालो. "मी घातली. तिच्यादेखत घातली, तिला दिसू दिली न्हाई."

"का पण?" साहेब ओरडले. "नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"पावण्याला आमी काळा गूळ देत न्हाई."

 सुजाता बाईला इंग्रजीत सांगायला लागली, तोवर बिंदाक्कानं हात वर केला. तिला कळलं होतं. ती माझ्यासमोर आली आणि तिच्या त्या बोटीतल्या हिंदीत म्हणाली, "भैया, हम पाहुन ना हई. हम घर के हई."

एवढं तर मलाही कळलं. सुजाता चष्मा पुसायला लागली.

मग बाई साहेबांशी इंग्रजीत बराच वेळ बोलली. सुजाता गप्प उभी. मी म्हटलं, सांग की काय म्हणतात. ती म्हणाली, "माझ्याबद्दल हाय, मी कसं सांगू." शेवटी साहेबांनाच सांगावं लागलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला. "त्या म्हणतायत, सही हीच बाई करणार. नाहीतर माल नको. आणि खाली गुळव्याची पण सही पाहिजे."

त्याच दुपारी दुसरं आदण चढवलं. पटका नाही, नुसती जाळी, उघड्या डोक्यावर. बिनपावडरीचं आदण काढायला वर्षातून एकदाच लागतं, तेही घरच्यांसाठी, म्हणून त्यात कोण एवढं लक्ष घालत नाही. त्या दिवशी घातलं आणि कळलं की हात बिघडलाय. पावडर सगळं झाकते. मळी नीट निघाली नाही तरी झाकते, जाळ कमी-जास्त झाला तरी झाकते. ती नसली की गुळव्या उघडा पडतो. मी भेंडीचं पाणी तीनदा घातलं, मळी काढता काढता खांदा गेला. खाली ओरडलो, "नामदेव, जाळ बारीक ठेव." तीस वर्षांत मी त्याला नामदेव म्हणून हाक मारली नव्हती. खाली दोन चिपाडं मागं ओढलेली ऐकू आली. मग आवाज आला, "ठेवला."

रवा निघाला. काळपट तांबडा, चिंचेच्या रंगाचा. माझ्या बापाचा असा निघायचा. बापाच्या गुळाची मला लहानपणी लाज वाटायची, हे मी आत्ता पहिल्यांदा लिहितोय.

पहिला रवा बिंदाक्कानं फोडला. मला वाटलं, आधी बापूंना देईल, नाहीतर मला. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि पहिला खडा खाली नामदेवाच्या हातावर ठेवला. त्यानं राखेचा हात पुसला, खडा तोंडात टाकला, सावकाश विरघळू दिला.

"असा असतोय व्हय घरचा," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. तीस हंगाम त्याच्या आगीवर ते आदण शिजलं, आणि वाटे झाले दोन. मी हिशेबात कच्चा नाही, पण तिसरा वाटा कधी माझ्या डोक्यातच आला नव्हता.

कागदावर सुजातानं सही केली, खाली मी. माझी सही करायला वेळ लागतो. साहेबांनी तीन वेळा घड्याळ बघितलं. त्यांनी बघावं म्हणून मी आणखी सावकाश केली.

घरी गेलो तर बायको म्हणाली, "डोकं उघडं करून आलासा म्हणं."

"व्हय."

"बरं केलंसा. हवा लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अंघोळ केली, पटका बांधला, जाळी घातली नाही. आमच्या डब्यातला काळा रवा काढला, विळीवर धरून बरोबर मधून कापला, आणि अर्धा धोतराच्या सोग्यात घेऊन नामदेवाच्या घरी गेलो. तो कितीदा तरी माझ्या घरामागच्या परड्यात येऊन बसला होता. मी त्याच्या गल्लीत पोरीच्या बारशाला गेलो होतो, तेही दारातूनच परत आलो. तो ओट्यावर पेपर वाचत होता. माझ्याकडं बघितलं, सोग्याकडं बघितलं, पेपरची घडी घातली आणि आत हाक मारली, "सुजाता, रजिस्टर आण गं."

ती रजिस्टर आणि पेन घेऊन आली. हसू दाबत होती.

"लिवा आण्णा," नामदेव म्हणाला. "बाहीरनं आलेल्याची नोंद करावी लागती. नियम हाय."

मी ओट्यावर बसलो, रजिस्टर मांडीवर घेतलं. नाव: येसबा. कुठून: वरच्या गल्लीतून. वेळ: सकाळी सात. कारणाच्या रकान्यापाशी थांबलो. ते दोघंही थांबले होते. गूळ, असं लिहिणार होतो, पण गूळ मी घेऊन आलो होतो, मागायला आलो नव्हतो. मग लिहिलं: चहा. सही केली, मोठी, पुढच्या रकान्यात जाईल एवढी.

आणि बसून राहिलो, चहा येईपर्यंत.